गोकर्णीचं भांडण आणि फुलांच्या रंगाचा शोध



आमच्या श्रोता गटात गेल्या वर्षी एक भांडण झालं. तसं किरकोळच, पण त्यापायी दोन घरांतलं बोलणं तीन महिने बंद होतं. झालं असं की एका काकूंनी शेजारच्या वहिनींना पांढऱ्या गोकर्णीच्या बिया दिल्या. महादेवाला वाहायला वहिनींना पांढरीच हवी होती. तीन वेल उगवले. दोघांना पांढरी फुलं आली आणि तिसऱ्याला चक्क निळी. वहिनी म्हणाल्या, बियांत भेसळ केली. काकू म्हणाल्या, माझ्या हातानं माझ्या वेलाची शेंग फोडून दिली, आता काय शपथ घेऊ? दोघीही खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत, म्हणून आम्हीच पेचात पडलो. खरं कोणाचं, हे शोधायला बसलो तेव्हा आम्हाला इंग्लंडमधल्या काही बायका भेटल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या याच कोड्यापुढे बसल्या होत्या. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट घरी करून बघा. जास्वंदीची पाकळी घ्या आणि नखानं तिची वरची साल हळूच सोलून काढा. रंग त्या पातळ सालीतच दिसेल, आतला भाग जवळजवळ फिका असतो. पाकळी अगदी बारीक बारीक पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीत एक पिशवी असते, तिला शाळेच्या पुस्तकात रिक्तिका म्हणतात. नाव रिकामं असलं तरी ती रसानं तुडुंब भरलेली असते. जास्वंदीचा लाल, गोकर्णीचा निळा, वांग्याच्या सालीचा जांभळा, हे रंग त्या रसात साखरेसारखे विरघळलेले असतात. म्हणून जास्वंद गरम पाण्यात टाकली की रंग पाण्यात उतरतो. झेंडूचं तसं नाही. त्याचा केशरी रंग रसात नसतो, पेशीतल्या लवके नावाच्या बारीक कणांत तो साठलेला असतो, गाजराच्या रंगाच्या जातीचा. तो पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. आणि मोगरा? मोगऱ्यात पांढरा रंग म्हणून काही नसतोच. साबणाचं पाणी पारदर्शक असतं, पण फेस पांढरा दिसतो, कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात. पाकळीत पेशींच्या मधे अशीच हवा असते. मोगऱ्याची पाकळी बोटांत चिरडली की हवा निघून जाते आणि पाकळी ओल्या कागदासारखी होते. हार करणाऱ्या बायकांना हे रोजचंच आहे.

आता जास्वंदीच्या त्या पाण्यात लिंबू पिळा, ते लालभडक होईल. दुसऱ्या वाटीत खायचा सोडा टाका, हिरवट होईल. रॉबर्ट बॉईल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६६४ साली रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या सरबताचा हाच खेळ लिहून ठेवला आहे. आंबट पडलं की तांबडं, क्षार पडला की हिरवं. या रसातल्या रंगाला अँथोसायनिन हे नाव १८३५ साली लुडविग मार्क्वार्ट या जर्मन माणसानं दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फूल आणि निळा, एवढाच. नाव ठेवून झालं, पण तो पदार्थ फुलात कसा तयार होतो आणि एका झाडाला येतो, शेजारच्याला का येत नाही, याचं उत्तर पुढं कित्येक वर्षं कोणाजवळ नव्हतं.

ते उत्तर शोधायला सुरुवात झाली केंब्रिजमध्ये. त्या विद्यापीठात बायकांची अवस्था विचित्र होती. न्यूनहॅम आणि गर्टन या कॉलेजांत राहून त्या शिकू शकत, परीक्षा देऊ शकत, पुरुषांच्या वर गुण मिळवू शकत, फक्त पदवी मिळत नसे. १८९७ साली पदवी द्यावी का यावर मतदान झालं, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. ठराव अर्थातच पडला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत बायकांना नीट शिरकाव नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी १८८४ साली एका जुन्या प्रार्थनामंदिरात बाल्फर प्रयोगशाळा सुरू झाली. एडिथ साँडर्स ही वनस्पतिशास्त्रज्ञ ती पुढे अनेक वर्षं सांभाळत होती.

साँडर्सबाई फुलझाडांचे संकर करत. विल्यम बेटसन हा शास्त्रज्ञ त्यांचा साथीदार. मेंडेल या पाद्र्यानं वाटाण्यावर केलेले प्रयोग १९०० साली जगाला नव्यानं सापडले आणि बेटसननं ते डोक्यावर घेतले. हे शास्त्र तेव्हा इतकं नवं होतं की त्याला नावसुद्धा नव्हतं. त्यात नोकरी नाही, पैसा नाही, मग हुशार पुरुष विद्यार्थी कशाला येतील? बेटसनभोवती जमल्या त्या न्यूनहॅमच्या बायका. कामही कसलं, तर बिया पेरायच्या, फुलं मोजायची, परागकण ब्रशनं लावायचे, पिशव्या बांधायच्या, वह्या भरायच्या. कंटाळवाणं काम बायकांकडे यावं, यात आपल्याला नवल वाटायला नको. पण त्या मोजणीतूनच पुढचं सगळं निघालं.

बेटसनच्या बागेत स्वीट पी होती, सुगंधी वाटाण्याचा फुलवेल. तिच्या दोन पांढऱ्या जातींचा संकर केला आणि संततीला फुलं आली जांभळी! पांढरं अधिक पांढरं बरोबर जांभळं. वहिनींच्या गोकर्णीपेक्षाही हे विपरीत. त्या जांभळ्यांच्या बिया पुन्हा पेरल्या, तर सरासरी दर सोळा झाडांत नऊ जांभळी आणि सात पांढरी निघाली.

हे समजायला आपल्याला कुंकू पुरेसं आहे. हळद पिवळी, चुना पांढरा, लाल कोणीच नाही. दोन्ही एकत्र आल्याशिवाय लाल होत नाही. एका घरात हळद आहे पण चुना नाही, दुसऱ्या घरात चुना आहे पण हळद नाही. दोन्ही घरी कुंकू नाही. त्या दोन घरांची सोयरीक झाली की नातवंडांच्या घरी कुंकू होतं. पांढऱ्या फुलांचं असंच. दोन्ही पांढरी, पण पांढरी असण्याचं कारण वेगवेगळं. सोळातली नऊ जांभळी का, याचा हिशोबही असाच लागतो. हळद असण्याची शक्यता चारात तीन, चुना असण्याची चारात तीन. दोन्ही असण्याची तीन त्रिक नऊ.

आता मुरिएल व्हेल्डेल. आजच्या गोष्टीतली मुख्य बाई हीच. जन्म १८८०, बर्मिंगहॅम. १९०० साली न्यूनहॅममध्ये आली, दोन्ही परीक्षांत पहिला वर्ग मिळवला, पदवी अर्थात नाही. १९०३ पासून तिनं स्नॅपड्रॅगनवर काम सुरू केलं. आपल्याकडे नर्सरीत हे डॉगफ्लॉवर म्हणून मिळतं. फुलाच्या बाजू दाबल्या की तोंड उघडतं, पोरं त्याच्याशी खेळतात. त्यात पांढरा, हस्तिदंती, पिवळा, किरमिजी, ब्राँझ असे नाना रंग. मुरिएलनं सगळ्यांचे एकमेकांशी संकर लावले आणि १९०७ साली पूर्ण हिशोब छापला.

तिला दिसलं ते असं. हस्तिदंती किंवा पिवळा हा खालचा रंग, त्यावर लाल येतो. पातळ साडीखाली पांढरट परकर असला तर साडीचा रंग वेगळा दिसतो, पिवळा असला तर वेगळा. तसं हस्तिदंतीवर लाल आला की फूल जांभळट किरमिजी, पिवळ्यावर आला की गडद किरमिजी. पण काही पांढऱ्या फुलांत खालचा रंगच नव्हता. अशा झाडात लाल रंगाचा घटक असला तरी फूल पांढरंच राही. साडी आहे पण दिसत नाही! हस्तिदंती झाडाशी लग्न लावलं की लपलेला लाल मुलांत बाहेर येई. एका घटकानं दुसऱ्याला असं झाकण्याला बेटसननं १९०७ साली एपिस्टॅसिस हा शब्द काढला, आजही तो पुस्तकांत आहे.

इथं बहुतेक माणसं थांबली असती. प्रमाण मिळालं, शब्द मिळाला, निबंध छापला. मुरिएलनं पुढचा प्रश्न विचारला. खालचा रंग नसला की लाल येतच नाही, म्हणजे लाल खालच्या रंगापासूनच तयार होत असेल का? परकराची उपमा इथं संपते. दूध नसेल तर दही कुठून लागणार? आणि दूध आहे, विरजण नाही, तरी दही नाही. मग तिनं मांडलं की ज्याला आपण 'घटक' म्हणतो, ते बहुधा पेशीतलं विरजण, म्हणजे विकर, पुरवत असावं. जनुक हा शब्दच १९०९ सालचा. त्या काळात जनुक म्हणजे कागदावरचं अक्षर होतं, मोठा अ आणि लहान अ. ते अक्षर पेशीत प्रत्यक्ष काय काम करतं, हा विचार करणाऱ्या पहिल्या काही माणसांत ही बाई होती. आमच्या मते तिची खरी थोरवी इथे आहे, एपिस्टॅसिसमध्ये नाही.

नुसतं मांडून भागणार नव्हतं, रसायन काढून दाखवायला हवं होतं. ती वनस्पतिशास्त्र सोडून रसायनाकडे वळली. तिथे आणखी एक दार बंद. १९११ साली इंग्लंडमध्ये बायोकेमिकल क्लब निघाला आणि नियम केला, सभासद फक्त पुरुष. दोन वर्षं त्यावर वाद झाला. १९१३ साली नियम बदलला, तेव्हा आत आलेल्या पहिल्या तीन बायकांत मुरिएल होती. त्याच वर्षी तिनं बॅसेट या सहकाऱ्याबरोबर स्नॅपड्रॅगनचा हस्तिदंती रंग म्हणजे एपिजेनिन नावाचं द्रव्य आहे, असं दाखवलं. १९१६ साली अँथोसायनिनवर तिचं मोठं पुस्तक आलं. तोवर जगात कोणी काय काय शोधलंय, ते सगळं तिनं त्यात गोळा केलं होतं.

तिचं एक चुकलंही, तेही सांगायला हवं. हस्तिदंती द्रव्य म्हणजे दूध आणि लाल म्हणजे त्याचं दही, असं ती समजत होती. नंतर कळलं की दोन्ही एकाच दह्यातून निघालेली आहेत, ताक आणि लोणी जशी. दही लागलंच नाही तर दोन्ही नाहीत. म्हणून अस्तराशिवाय लाल दिसत नव्हता. निरीक्षण पक्कं होतं, नातं एका पिढीनं चुकलं. तिच्याशी वाद घालणाऱ्यांचंही चुकलंच होतं.

१९१९ साली तिनं लग्न केलं ह्यूया ऑन्स्लोशी. १९११ साली पाण्यात उडी मारताना त्याला अपघात झाला होता आणि कमरेखालचं शरीर गेलं होतं. त्यानं घरातच प्रयोगशाळा थाटली होती. सशांच्या केसांचा रंग, किड्यांच्या पंखांची चमक यांवर तो काम करी. मुरिएल त्याला मदत करी आणि आपलंही काम करी. तीन वर्षांत तो गेला, वय एकतीस. त्याच सुमारास, १९२१ साली, पदवीचा ठराव केंब्रिजमध्ये पुन्हा पडला आणि विद्यार्थ्यांच्या जमावानं हातगाडी आदळून न्यूनहॅम कॉलेजचं दार मोडलं. बायकांना नावापुरती पदवी देऊन बोळवण झाली. १९२६ साली मात्र याच विद्यापीठानं मुरिएलला अधिव्याख्याता नेमलं. असं पद मिळालेल्या तिथल्या पहिल्या बायकांपैकी ती एक. मुलांना शिकवायला ती चालत होती! १९३२ साली बावन्नाव्या वर्षी ती वारली. केंब्रिजनं बायकांना खरी पदवी दिली १९४८ साली, तिला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

तिचं काम पुढं नेलं तिच्याच विद्यार्थिनीनं. रोझ स्कॉट-मॉनक्रीफ तिचं नाव. जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या प्रोत्साहनानं तिनं अनेक फुलझाडांचा रंग आणि त्यांची वंशावळ दोन्ही शेजारी ठेवून तपासली आणि १९३६ साली छापली. तिला दिसलं ते थक्क करणारं होतं: एक घटक बदलला की रंगद्रव्यात नेमका एक रासायनिक फरक पडतो. या द्रव्याच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असली तर रंग नारिंगी-लाल, दोन असल्या तर किरमिजी, तीन असल्या तर निळसर जांभळा. एवढ्यानं गुलाब आणि गोकर्ण यांच्यात अंतर पडतं. एक जनुक, एक विकर, असा सिद्धांत पुढे १९४१ च्या सुमारास अमेरिकेत बुरशीवरच्या प्रयोगांतून मांडला गेला आणि त्याला १९५८ साली नोबेल मिळालं. फुलांवर काम करणाऱ्या बायका तोवर विस्मरणात गेल्या होत्या. रोझबाईंनी १९८१ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आपल्या गुरुबाईंच्या आठवणी छापल्या, म्हणून तरी हे आपल्यापर्यंत आलं.

१९१३ हे साल आम्ही वहीत दोनदा अधोरेखित केलं, कारण त्याच वर्षी जपानमध्ये कुरोदा चिका या मास्तरीणबाई तोहोकू विद्यापीठात दाखल झाल्या. जपानच्या सरकारी विद्यापीठात घेतलेल्या पहिल्या तीन मुलींपैकी एक. मुरिएलपेक्षा त्यांचं नशीब बरं, तीन वर्षांत पदवी हातात आली. त्यांनी धरलं करडईचं फूल. हो, आपल्याच रानातली करडई, जिच्या कोवळ्या पानांची आपण भाजी करतो. तिच्या फुलात पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात धुऊन जातो. लाल काढायला क्षाराचं पाणी लागतं आणि मग आंबट घातलं की तो कापडावर बसतो. आपल्याकडचा कुसुंबी रंग तो हाच आणि जपानी बायकांच्या ओठांची जुनी लालीही हीच. हा लाल अँथोसायनिन नव्हे, त्याच कुळातला चुलतभाऊ. त्याची रासायनिक बांधणी शोधण्याच्या कामावर कुरोदाबाईंना १९२९ साली डॉक्टरेट मिळाली. त्यांनी मांडलेली बांधणी पुढे दुरुस्त करावी लागली, पण वाट त्यांनी पाडली.

निळ्या रंगानं तर सगळ्यांनाच चकवलं. जर्मनीचे विल्स्टेटर यांनी निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून रंगद्रव्य वेगळं काढलं, मग लाल गुलाबातून, आणि दोन्ही एकच निघालं! गुलाबाचा रस आंबट, कॉर्नफ्लॉवरचा क्षारी, म्हणून फरक, असं ते म्हणाले. लिंबू-सोड्याचा खेळ बघितलेल्या कोणालाही हे पटेल, पण ते बरोबर नव्हतं. १९१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलं की धातूंचे अणू रंगद्रव्याला धरून ठेवतात म्हणून निळं दिसतं. कॉर्नफ्लॉवरमध्ये लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मिळून ही मोट बांधतात, हे पक्कं चित्र २००५ साली मिळालं. पावसाळ्यात बांधावर उगवणारा आपला केना आहे ना, त्याच्या जपानी भावंडाच्या निळ्या फुलातही मॅग्नेशियमचीच अशी बांधणी सापडली आहे.

आता गोकर्णीकडे येऊ. तिचा निळा त्या तीन जोड्यांच्या रंगद्रव्यापासून बनतो. पांढऱ्या वेलात ती साखळी कुठेतरी तुटलेली असते. गोकर्ण बहुतेक आपल्याच परागावर फळते, पण काकूंच्या कुंपणापलीकडे निळीचा वेल आहे आणि एखादी मधमाशी तिकडून इकडे आली की पुरे. शेंग पांढऱ्या वेलावरची, काकूंनी स्वतःच्या हातानं फोडलेली, आणि तरी तिच्यातल्या एका बीत निळीचा वारसा. निळीकडून आलेलं एकच चांगलं जनुक साखळी जोडायला पुरतं. काकूंचं खरं होतं आणि वहिनींनाही निळं फूल आलंच होतं.

हे आम्ही दोघींना एकत्र बसवून सांगितलं. जास्वंदीचं पाणी आणि लिंबूही दाखवलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, त्या निळ्या वेलाच्या शेंगा मी ठेवल्यात. मोजल्या तर चाळीस बिया निघाल्या. साखळी एकाच ठिकाणी तुटली असेल तर चारात एक, म्हणजे दहाच्या आसपास वेल पांढरे यायला हवेत. वीस बिया काकूंच्या अंगणात आणि वीस वहिनींच्या, अशा या मृगात लावल्या आहेत. वह्या दोघींकडे दिल्या आहेत. काल फोन आला, पहिली कळी काकूंकडे धरली आहे, अजून हिरवीच आहे.